आभाळ दिसणारा मांडव

मांडवांच्या सणाला आम्हा बेने इस्राएल यहुद्यांचा मांडव वरून विरळ असावा लागतो. झावळ्या घालायच्या, पण खाली बसून जेवताना चांदण्या दिसल्या पाहिजेत. देवाचं फर्मानच आहे तसं. भिवंडीतल्या आमच्या मंडळाच्या हॉलच्या अंगणात दरवर्षी तो आम्हीच वेडावाकडा बांधायचो. गेल्या वर्षी मंडळातल्या सगळ्यांचे गुडघे एकदम संपावर गेले, म्हणून मी काल्हेरहून मंडपवाला बोलावला.

माणूस हाडाचा कारागीर. विरळ झावळ्या बघून त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. मी चहा आणायला आत गेले, बाहेर येते तर वर ताडपत्री! ती काढायला लावली. दुपारी जेवून येते तर पुन्हा ताडपत्री, शिवाय खालून झालरीचा गुलाबी पडदा.

"अहो भाऊ, डोकं फिरलंय का तुमचं? भोकंच पाहिजेत आम्हाला!" मी ओरडलेच.

मग बिचाऱ्याने खरं काय ते सांगितलं. "ताई, समोरच्या बिल्डिंगीत माझ्या पोरीला बघून गेलेले पाव्हणे राहतात. होकार अजून आला न्हाय. आज संध्याकाळी मुलाचा बाप माझं काम बघायला येनार हाय. असा फाटका मांडव बघून करून घेतील का ते माझी पोर?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. पण फर्मान ते फर्मान. शेवटी मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून फाटकाला टांगलं: 'भोकं मुद्दाम ठेवली आहेत. मंडपवाल्याचा दोष नाही.' झालं! येणारा-जाणारा थांबून वाचायचा आणि मान वर करून भोकं शोधायचा. रिक्षावाल्यांनी तर रस्ताच अडवला.

संध्याकाळी मुलाचे वडील आले. आम्ही त्यांना आग्रहाने जेवायलाच बसवलं. प्रार्थना झाली, ताटं वाढली आणि धो धो पाऊस कोसळला. पाऊस आला की आत जाऊन जेवायची आमच्यात मुभा आहे. सगळे ताटं उचलून उठायला लागले. मंडपवाला खांबाला धरून उभा, चेहरा पांढराफटक. मला बघवेना.

"कोणी उठायचं नाही!" मी किंचाळले. "मांडव एकदम झकास आहे!"

एवढी म्हातारी माणसं, पण हूं की चूं न करता खाली बसली. टोप्यांवरून पाणी गळतंय, भाताचं तळं झालंय, नारळाच्या दुधाचा रस्सा कितीही प्यायला तरी ताटात तेवढाच. माझे सासरे नाकावरचं पाणी पुसत म्हणाले, "वा! काय मांडव घातलाय!" देवाशपथ, त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचा मला इतका अभिमान वाटला!

मुलाचे वडील डोक्यावर रुमाल धरून आमच्याकडे बघत राहिले. मग मंडपवाल्याकडे वळले.

"व्याही, आपल्या लग्नाला मात्र वर ताडपत्री टाका हां."

"दोन टाकतो," मंडपवाला म्हणाला आणि भर पावसात ढसाढसा रडायला लागला.