पंखा बंद केलेली खोली

वरच्या मजल्यावरची मृण्मयी आणि तिचे तीन मित्र आपल्या रॉक बँडचा पहिला अल्बम तिच्या घरातच रेकॉर्ड करत होते. एप्रिलमधल्या एका दुपारी मी आवाजाची तक्रार करायला वर गेले. दार उघडंच होतं. खिडक्यांना गाद्या टेकवलेल्या होत्या आणि चौघंही घामाने निथळत होते. घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून त्यांनी पंखा बंद ठेवला होता. मृण्मयीने मला डोळ्यांनीच थांबायला सांगितलं आणि ती गाऊ लागली. शेवटी तिचा आवाज फाटला.

"पुन्हा," ती म्हणाली.

"अगं, सकाळपासून हेच चाललंय," गिटारवाला कुरकुरला.

"चालू दे. गाणं आपलं आहे."

माझी तक्रार ओठांवरच राहिली. शाळेत असताना मी पेटी शिकत होते. एका कार्यक्रमात बोटं चुकली आणि त्यानंतर मी पेटीला कधी हात लावला नाही. 'आपल्याला जमत नाही' हे वाक्य फार सोयीचं असतं. त्याच्या आडोशाला माणूस आयुष्यभर बसू शकतो. ही मुलगी मात्र सगळ्यांसमोर चुकत होती आणि तिथून हलत नव्हती.

दिवाळीच्या सुमारास अल्बम आला. मी तो दोनदा ऐकला. जिन्यात भेटल्यावर तिने विचारलं, "काकू, खरं सांगा, कसा वाटला?"

"आवडला गं. पण दोन गाणी कच्ची वाटली."

"तीन आहेत," ती शांतपणे म्हणाली. "सोमवारपासून नव्या गाण्यांना बसतोय."