नाल्याकाठची विहीर

उल्का वर्ध्याहून एमएस्सी करून पुण्यात आली, तेव्हा तिच्या वर्गातली निम्मी मुलं कॉम्प्युटरचे क्लास लावून आयटीत शिरत होती. तिला रसायनशास्त्र सोडवेना. खडकीतल्या एका खासगी प्रयोगशाळेसाठी ती पाण्याचे नमुने गोळा करू लागली. बाटलीत भरलं तरी पाणी गप्प बसत नाही, आतल्या आत बदलत राहतं. म्हणून धातू तपासायचे असतील तर जागेवरच ॲसिड घालायचं, हे तिला पाठ झालं होतं.

त्या दुपारी ती हिंजवडीच्या पलीकडे एका नाल्यावर गेली. तिथलं पाणी पिऊन काठावरच्या गावातल्या मुक्ताबाईंची म्हैस मेली होती. उल्काने बाटली भरली, ॲसिड घातलं, घाईघाईत झाकण अर्धवट फिरवलं आणि बाटली प्रयोगशाळेच्या जीपमध्ये ठेवली. धूळ नको म्हणून ड्रायव्हर संपत काचा लावून बसला होता.

हात धुताना तिने मुक्ताबाईंना सहज विचारलं, "वरच्या अंगाला काय आहे हो?"

"पत्र्याची शेड हाय," मुक्ताबाई म्हणाल्या. "नळाच्या तोट्यांना मुलामा देत्यात तिथं."

मुलाम्याच्या कामात सायनाइड वापरतात, आणि तसल्या पाण्यात ॲसिड पडलं की विषारी वायू सुटतो.

ती धावत सुटली. संपतचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं होतं. श्वास रोखून तिने दार उघडलं आणि शर्टाला धरून त्याला बाहेर ओढलं. कितीतरी वेळ तो हललाच नाही. मग त्याला उलटी झाली.

"मॅडम, गरगरतंय," तो पुटपुटला.

गावातल्या टेम्पोतून त्याला दवाखान्यात पाठवलं. संध्याकाळपर्यंत तो सावरला. पण टेम्पो निघाला तेव्हा उल्काला हे ठाऊक नव्हतं. ती बांधावर बसली होती. तेवढ्यात मुक्ताबाई हळूच म्हणाल्या, "ताई, आमची विहीर नाल्याला लागूनच हाय."

उल्का उठली. तिने विहिरीचं पाणी दुसऱ्या बाटलीत भरलं. या वेळी वायू सुटू नये म्हणून तिने ॲसिडऐवजी कॉस्टिक सोडा घातला, बाटली काळ्या कागदात गुंडाळली आणि बर्फात ठेवली.

तपासणीत विहिरीच्या पाण्यात सायनाइड निघालं. थोडं, पण होतं. उल्काने सरपंचांच्या घरी फोन करून मुक्ताबाईंना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की टँकर येईपर्यंत त्या पाण्याचा थेंबही तोंडाला लावू नका.

"न्हाय लावत," मुक्ताबाई म्हणाल्या. "पण पोरं आजवर प्याली, त्याचं काय?"

उल्काने रिसीव्हर खांद्याशी धरून वही पुढे ओढली. "पोरांची नावं सांगा, उद्याच त्यांना दवाखान्यात दाखवू," ती म्हणाली.