दारात अडलेला सर्जा

कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाळूचं छोटं घड्याळ आलं आणि तिथंच थांबलं. मी उजवं बटण दाबलं, डावं दाबलं, मधलं दाबलं. बंद करायचं बटण दाबून धरलं, तरी कॅमेरा ढिम्म. शेवटी खालचं झाकण उघडून बॅटरीच बाहेर काढली, तेव्हा कुठं पडदा काळा झाला.

"आसंच करतोय बगा," काउंटरपलीकडचे आबा म्हणाले. "फोटू काडाया सांगा, काडतोय. दाव म्हनलं की मुका."

आजार त्यांनी अगदी नेमका सांगितला होता. फोटो काढायला ठीक आणि काढलेले फोटो दाखवताना, म्हणजे आम्ही ज्याला प्लेबॅक म्हणतो त्यात, हँग.

साताऱ्यात माझं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान आहे. पाटीवर तरी तसंच लिहिलंय. आत मात्र आता सीसीटीव्हीच्या वायरी आणि डीव्हीआरची खोकी. रोलच्या जमान्यात लग्नसराईला माझ्या काउंटरवर हात टेकायला जागा नसायची. कुणाचं शटर अडकलेलं, कुणाचा रोल आत गुंडाळलेला, कुणाचा फ्लॅश पेटत नाही. मग खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे आले आणि आम्ही सगळे मिस्त्री पुन्हा पहिलीत जाऊन बसलो. त्यांच्यावर हात बसतोय तोवर फोनने त्यांना गिळलं. अजूनही कुणी तसला चपटा चंदेरी कॅमेरा समोर ठेवला की मला जुना वर्गमित्र भेटल्यासारखं होतं. त्या सकाळी सीसीटीव्हीचं काम घेऊन आलेल्या एका सोसायटीच्या चेअरमनना मी "उद्या या" म्हणून वाटेला लावलं, ते केवळ या कॅमेऱ्यापायी.

आबा माण तालुक्यातले, दहिवडीच्या पलीकडच्या गावचे. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. गुडघ्यांनी दगा दिला, एकुलता मुलगा मुंबईत, म्हणून नुकताच कळप विकला होता. आणि त्या दिवशी मुलगा, सिदू, त्यांना कायमचं मुंबईला घेऊन निघाला होता. गाडी दुकानासमोर उभी, टपावर वळकट्या बांधलेल्या. सिदूला उजेडात पुण्याच्या पुढं जायचं होतं, त्यामुळे तो सारखा दारात जाऊन गाडीकडे बघत होता. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की अण्णा, होत नसेल तर नाही म्हणून मोकळे व्हा, मी त्यांना मुंबईत नवा घेऊन देतो.

आबांना ते ऐकू गेलं. "ह्यो चालल्याबिगार म्या गाडीत बसत न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "तितं संध्याकाळचं म्या काय करू, सांगा की."

मग सिदूनेच सगळं उलगडून सांगितलं. कळप विकायच्या आदल्या संध्याकाळी आबांनी एकेका मेंढराचा फोटो काढला होता, वाघरीत शिरताना. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती उभं करतात ते जाळं. त्याला एका बाजूला दार ठेवायचं आणि एकेक जनावर तोंड बघून आत सोडायचं. आता कळप नाही, वाघर नाही, पण दिवस मावळला की आबा कॅमेरा घेऊन बसतात. बटण दाबलं की एक मेंढरू आत. पुन्हा दाबलं की दुसरं आत. सगळ्यात शेवटी सर्जा, कळपातला मेंढा. तो नेहमी सगळ्यांच्या मागनं, मालकाच्या ऐटीत यायचा. कॅमेऱ्यात शेवटचा काढलेला फोटो आधी दिसतो, त्यामुळे कॅमेरा उघडला की सर्जाच दारात उभा दिसायचा. पुढचं बटण दाबलं की पहिल्या मेंढरापासून रांग लागायची आणि फिरून शेवटी सर्जा आत. मग कॅमेरा बंद करून आबा भाकरी खायला उठायचे.

हे ऐकताना मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. आमचं मूळ गाव इस्लामपूरकडचं. आम्ही जैन, शेती करणारे. पीक निघालं की वडील रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण, त्यामुळे आम्ही भावंडं जेवून बांधावर येऊन बसायची वेळ आणि मेंढरं वाघरीत शिरायची वेळ एकच असायची. धनगरबाबा दाराशी उकिडवे बसून प्रत्येकाच्या पाठीला हात लावायचे. एखादं मागं राहिलं असेल तर मोजायच्या आधीच त्यांना कळायचं. पुढे सगळीकडे ऊस झाला आणि मेंढरं यायची थांबली. तो बांध अजून आहे. गावी गेलो की मी तिथं जाऊन बसतो, आणि मला फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

तर कामाला लागलो. पहिला संशय बॅटरीवर. बॅटरी थकली की कॅमेरा असाच अर्ध्यात बसतो. माझ्याकडची चांगली बॅटरी घातली, फरक पडला नाही. दुसरा संशय कार्डावर. फोटो साठतात ती पोस्टाच्या तिकिटाएवढी चपटी पट्टी म्हणजे कार्ड. ते काढलं आणि कार्डाशिवाय कॅमेरा चालू केला. अशा कॅमेऱ्यांच्या पोटातही दोन-चार फोटो मावतील एवढी जागा असते, आणि कार्ड नसलं की ते तिथले फोटो दाखवतात. याच्या पोटात एकच फोटो निघाला. बाभळीखाली उभा असलेला, वळलेल्या शिंगांचा एक मेंढा. कधीतरी कार्ड घालायचं राहून गेलं असताना काढलेला असणार. आबा तेव्हा बाहेर गाडीतून पाण्याची बाटली आणायला गेले होते. फोटो झटकन उघडला, झटकन मिटला, कॅमेरा कुठं अडला नाही. मी तेवढंच बघितलं. कॅमेरा निरोगी, दुखणं कार्डात.

कार्ड कॉम्प्युटरला लावून आधी सगळं कॉपी करून घेतलं. आमच्या धंद्यात दुरुस्ती नंतर, कॉपी आधी. वरवर चाळून बघितली, तर कॉम्प्युटरवर मेंढरं व्यवस्थित दिसली. सिदूचा जीव भांड्यात पडला. तो म्हणाला, झालं की मग, आबांच्या फोनवर टाका आणि निघू द्या. मी फोनवर टाकून आबांच्या हातात दिलं. फोनने सगळा कळप छोट्या छोट्या चौकोनांत एकदम मांडून दाखवला.

आबांनी एकदाच बघितलं आणि फोन परत केला. "ही समदी एकदम दारात कोंबल्यात. आशी शिरत्यात व्हय?"

मी पुन्हा कॉम्प्युटरवरच्या फोटोंच्या यादीकडे वळलो. सगळ्या फोटोंचं वजन, म्हणजे फाइलचा आकार, साधारण सारखं, फक्त शेवटच्याचं भलतंच जास्त. नाव मात्र कॅमेऱ्याने दिलेलंच. उघडून बघतो तर तो फोटो नव्हता, फ्लेक्स होता. एका बाजूला फेट्यातले आबा, दुसऱ्या बाजूला फुलांच्या गोल चौकटीत सर्जाचं नुसतं डोकं, खाली गावातल्या पोरांच्या चेहऱ्यांची रांग आणि मधोमध ठळक अक्षरात "आबांना पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा".

सिदू कपाळाला हात लावून हसला. आबा मुंबईला जाणार म्हणून त्यांच्या पुतण्याने आणि त्याच्या मित्रांनी गावच्या फाट्यावर हा फ्लेक्स लावला होता. सर्जाच्या फोटोसाठी पुतण्या कार्ड घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेला होता. कॅमेरा मुका झाला तो तेव्हापासून.

आता गोष्ट जुळली. फ्लेक्सवाल्याने सर्जाचा फोटो कार्डावरूनच उघडला, त्यावर सगळी सजावट केली आणि हाताच्या सवयीने सेव्ह दाबलं. दुसरं नाव दिलं नाही. त्यामुळे मूळ फोटो पुसला गेला आणि त्याच नावाने फ्लेक्स जाऊन बसला. वर छपाईसाठी केलेल्या चित्रात रंग वेगळ्या पद्धतीने भरलेले असतात. कॅमेरा तीन रंगांवर चालतो, छपाईचं मशीन चार शायांवर. नाव ओळखीचं म्हणून कॅमेरा विश्वासाने तो फोटो उघडायला जायचा आणि आतलं काही लागेना म्हणून तिथंच डोकं धरून बसायचा. नाव वेगळं असतं तर त्याने ढुंकूनही बघितलं नसतं. आणि शेवटचा फोटो आधी उघडायचा असल्यामुळे मागची सगळी मेंढरं खोळंबलेली.

हे मी आबांना सोपं करून सांगितलं. त्यांना माझ्या तीन रंगांत आणि चार शायांत रस नव्हता. त्यांनी त्यातलं त्यांचं तेवढं बरोबर उचललं.

"म्हंजी सर्जाच दारात आडवा हुबा हाय," ते म्हणाले. "आन् पोरास्नी काय बोलू. मायेनं लावलाय त्यांनी. पर वाटचाल कसली आता? ती करून झाली. आता बसूनच ऱ्हायचं हाय."

पुसलेला फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. ते चालवलं, हाती काही लागलं नाही. पुतण्याला फोन लावला, त्याने फ्लेक्सवाल्याला विचारलं. त्याच्याकडेही फ्लेक्सच होता. मग मी तो कार्डावरून काढून टाकला, कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि प्लेबॅकचं बटण दाबलं. घड्याळ आलं आणि गेलं. पडद्यावर एक मेंढी उभी राहिली.

कॅमेरा आबांच्या हातात दिला. ते स्टुलावर बसले आणि अंगठ्याने बटण दाबत गेले. दुपारची वेळ, बाहेर हॉर्न वाजतायत, आणि माझ्या दुकानात मेंढरं वाघरीत शिरत होती. ही काळतोंडी, ही तिची लेक, ही लांबकानी, हिला दोनदा हाकावं लागायचं. सिदू घाई विसरून त्यांच्या खांद्यामागे येऊन उभा राहिला होता. रांग संपली, फिरून पहिलं मेंढरू आलं. आबांनी बटणावरचा अंगठा उचलला.

"सर्जा भाईर ऱ्हायला," ते म्हणाले.

कॅमेरा त्यांनी बंद केला नाही. मेंढपाळ एक जनावर बाहेर ठेवून वाघरीचं दार लावत नाही, हे मला बांधावर बसून बघितल्यामुळे ठाऊक होतं. सिदूने सुचवलं, की फ्लेक्समधला सर्जा कापून घेऊ. आबा म्हणाले, ते नुसतं मुंडकं आहे, पाय नाहीत, ते चालून कसं येणार.

सर्जा कुठं आहे, हे विचारायला मी जरा कचरलो. विकलेल्या जनावराचं काय झालं हे विचारू नये असं वाटतं. पण विचारलं. तो चांगल्या घरी पडला होता. पुण्याच्या अलीकडच्या, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या एका मेंढपाळाने कळपासाठी म्हणून नेला होता.

"खंडाळा तर तुमच्या वाटेवरच आहे," मी म्हणालो.

आबांनी मान हलवली. "इकल्यालं जनावर बघाया जाऊ न्हाई, अण्णा. एकदा दावं दुसऱ्याच्या हातात दिलं की दिलं. आपुन दिसलो तर त्याचं मन तितं लागत न्हाई."

त्या क्षणी मला बाभळीखालचा मेंढा आठवला. तोच सर्जा, दुसरा कोण असणार. कॅमेऱ्याच्या पोटातला तो फोटो मेनूमधून कार्डावर घ्यायचा, की तो शेवटचा नंबर घेऊन रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला असता. चहा यायच्या आत होणारं काम. मी तोंड उघडलं आणि समोर आबांचा चेहरा दिसला. काय झालं सांगता येत नाही, पण मी भलतंच बोलून गेलो.

"बघायला नाही जायचं, आबा. कॅमेऱ्याचं काम आहे," मी मिस्त्रीच्या आवाजात म्हणालो. "रांगेत शेवटचा फोटो याच कॅमेऱ्याने, नव्याने काढलेला पाहिजे. त्याशिवाय ही दुरुस्ती पुरी होत नाही."

आबांनी कॅमेरा अंगातल्या कोपरीच्या खिशात ठेवला. "कामच आसंल तर जावं लागंल," ते म्हणाले आणि सिदूच्या आधी गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सिदूचा मुंबईहून फोन आला. उजेडात पुण्याच्या पुढं जायचा त्याचा बेत बुडालाच होता. खंडाळ्याला ते ऊन असतानाच पोचले, पण आबांनी त्या वेळी फोटो काढायला साफ नकार दिला. दिवस मावळेपर्यंत थांबले. नव्या मालकाची मेंढरं वाघरीत शिरू लागली, आणि सर्जा तिथंही सगळ्यांच्या मागनंच आला.

"आबा जवळ न्हाई गेलं," सिदू सांगत होता. "हात बी न्हाई लावला. लांबनंच फोटू काडला. सर्जा दारात थांबला, मान वर केली, आन् गेला आत. मग आबांनी गाडीत बसून समदी मेंढरं आत घेतली, कॅमेरा बंद केला आन् मला म्हनलं, चल आता. घरनं निघाल्यापास्नं पयल्यांदा त्यांनी आपल्या तोंडानं चल म्हनलं, अण्णा."

मी त्याला सांगितलं, की कार्ड काढून कॅमेरा चालू कर आणि आबांना दाखव, आत आणखी एक सर्जा आहे, बाभळीखालचा. त्याने विचारलं, की हा फोटो मला कालच दिसला होता का. मी म्हणालो, वय झालं बाबा, ध्यानात राहत नाही.

नवीन मिस्त्र्यांना मी नेहमी एक सांगतो. दुरुस्तीचे दोन मार्ग असले तर गिऱ्हाइकाला दोन्ही सांगावेत, जवळचा आधी. मी स्वतः हा नियम एकदाच मोडला, आणि तो कॅमेरा काही पुन्हा दुरुस्तीला आलेला नाही.