संपर्कासाठी मुरबाडचे सर

“एवढं राहू द्या ना, ताई.”

असं म्हणताना ते अंगठा आणि तर्जनी जवळ आणून चिमूटभर जागा दाखवायचे. त्या चिमटीत त्यांचा अख्खा कॉम्प्युटर क्लास मावायचा. क्लासचं नाव, ‘मुरबाड एसटी स्टँडसमोर, पहिला मजला, जिना मागून’, फोन नंबर आणि वर ‘मुलींना सवलत’. फोनवर चिमूट दिसत नाही, पण फोनवरही ते ती करत असणार याची मला खात्री होती.

सगळे त्यांना मुरबाडचे सर म्हणत. मीही तेच म्हणेन.

आमची ओळख कामातली. काम म्हणजे बिनपगारी. मराठीतून प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांसाठी आम्ही काही निवृत्त मंडळींनी एक वेबसाइट काढली आहे. पोरं प्रश्न विचारतात, ज्याला येतं तो उत्तर देतो, आवडलं तर लोक पसंतीचा अंगठा देतात. मी शहापुरात घरी बसून तिथला केर काढते. केर दोन प्रकारचा. एक म्हणजे जुनी झालेली उत्तरं, जी पूर्वी बरोबर होती आणि आता पोरांना खड्ड्यात घालतात. दुसरा म्हणजे स्वतःची जाहिरात. सुनेला वाटतं, मी मोबाइलवर भाज्यांचे व्हिडिओ बघते. वाटू दे.

सर दोन्ही प्रकारांत मोडत होते.

एका पोराने विचारलं, दहा आकड्यांतला सर्वांत मोठा कसा शोधायचा. सरांनी छान समजावून सांगितलं आणि खाली क्लासचा पत्ता टाकला. मी पत्ता उडवला. दुसऱ्या दिवशी उत्तरात उदाहरण बदललेलं: ‘समजा आमच्या क्लासमध्ये दहा विद्यार्थी आहेत (प्रवेश सुरू).’ मी कंस उडवला. मग त्यांनी चित्र टाकलं. चित्रात एक फळा, फळ्यावर कोड आणि फळ्याच्या कोपऱ्यात खडूने फोन नंबर. मी चित्र उडवलं आणि त्यांना खरमरीत निरोप पाठवला. उत्तर आलं, “फळा खराच आमचा हाय ताई, त्यावर नंबर पहिल्यापासूनच लिहिलेला. तो पुसला तर पोरं काय म्हणतील?”

तुमच्याही माहितीत असा एखादा असेल, ज्याच्यावर रागावावं आणि रागावून झाल्यावर आपण नक्की कशाबद्दल रागावलो होतो तेच आठवू नये. हा माणूस तसा होता. मला मात्र आठवायचं, कारण मला ते सगळं उडवावं लागायचं.

तसं त्यांना हसताना मी जपून हसते. चोविसाव्या वर्षी मी ठाण्याच्या एका कारखान्यात संगणक विभागात लागले. थंडगार खोली, चपला बाहेर काढायच्या आणि आत मी, नाक आभाळाला टेकलेलं. प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर मी माझं नाव लिहायची, पदवीसकट, प्रथम श्रेणीसकट. तेवढ्याने भागेना म्हणून पगाराच्या चिठ्ठीखाली बारीक अक्षरात माझं नाव छापून येईल अशी सोय केली. पगाराच्या दिवशी दुपारी काचेच्या दाराशी ही रांग. “ओव्हरटाइम कुणी कापला?” “चिठ्ठीवर या बाईचं नाव आहे, हिलाच विचारा.” पुढचे दोन पगार बाईसाहेबांनी डबा मागच्या दाराने जाऊन खाल्ला. नाव मात्र काढलं नाही. साहेबांनी काढायला लावलं.

असो. सरांचं एक उत्तर होतं, आमच्या साइटवरचं सर्वांत जास्त अंगठे मिळालेलं. गावातल्या दुकानाला, शाळेला, कुणालाही साधी वेबसाइट कशी करून द्यायची, त्याचा पूर्ण कोड. चिकटवा आणि चालवा. राज्यभरच्या पोरांनी तो चिकटवला आणि चालवला. पण त्याला वर्षं झाली होती. नव्या सर्व्हरवर तो अडखळायचा. शिवाय त्यात एक भोक होतं. माहिती भरायच्या चौकटीत कुणी खोडसाळपणे दोन ओळी लिहिल्या, तर आतली सगळी नावं-गावं बाहेर. मला त्यावर ‘कालबाह्य’ अशी लाल पट्टी लावायची होती. दोन वर्षं मी मागे लागले होते आणि दोन वर्षं सर चिमूट करत होते.

शेवटी एका मे महिन्यात ते स्वतःच आले. मुरबाडहून सापगावमार्गे येणाऱ्या एसटीने, पळसाच्या पानांत बांधलेली करवंदं घेऊन. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशाला पेनाचा डाग. ओटीवर बसले आणि पाणी प्यायच्या आधी म्हणाले, “पट्टी लावू नका.”

“सर, कोड जुना झालाय.”

“मी पण जुना झालोय. मला कुठं पट्टी लावली कुणी?”

“तुमच्यात भोक नाही.”

“बायकोला विचारा.”

मग हसू ओसरलं आणि खरं काय ते बाहेर आलं. त्यांच्या क्लासच्या समोरच नवा क्लास निघाला होता, एसीवाला, काचेचा. प्रवेशाचे दिवस होते. पालक दोन्हीकडे डोकावत. समोर खुर्च्या गोल फिरणाऱ्या. सरांकडे काय, तर हे उत्तर. “पालक आले का मी मोबाइल काढतो आणि त्यांना अंगठे दाखवतो. बघा म्हणतो, एवढ्या लोकांनी मानलंय. त्याच्यावर तुमी लाल पट्टी मारली तर मी काय दाखवू? जिना दाखवू, मागून?”

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

“हॅलो. नाय नाय, मंगल कार्यालय नाय हे. थांबा, नंबर देतो. घ्या लिहून.”

ठेवतात तोच पुन्हा. “हॅलो. राइस मिल? ती नाय ही. त्यांचा नंबर घ्या. आणि मंगळवारी जाऊ नका, बंद असते.”

मी विचारलं, “हे काय?”

सर जरा लाजले. त्यांच्या त्या प्रसिद्ध कोडमध्ये, पानाच्या तळाशी ‘संपर्क’ म्हणून त्यांनी स्वतःचा नंबर घातला होता. जाहिरात. माझ्या नजरेतून तेवढी सुटली होती, कारण ती कोडच्या पोटात होती. आणि पोरांनी कोड जसाच्या तसा उचलला. वरचं नाव बदललं, फोटो बदलला, खालपर्यंत कोण जातो? त्यामुळे कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतल्या कार्यालयांच्या, गिरण्यांच्या, शाळांच्या पानांवर संपर्कासाठी मुरबाडचे सर.

“अहो, मग त्यांना काढायला सांगा.”

“सांगितलं. ज्या पोरानं साइट बनवली तो गेला पुण्याला. मालकाला पासवर्ड म्हाईत नाय.” मग हळूच, “आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं. लोक साहेब म्हणतात.”

मला माझी काचेच्या दारासमोरची रांग आठवली. मी ती त्यांना सांगितली नाही. एवढं शहाणपण वयाने आलं आहे.

चहा आला. तिसऱ्यांदा फोन वाजला. सरांनी हसत उचलला आणि त्यांचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं. फोन मोठ्या आवाजावर होता. कुणीतरी म्हातारा बोलत होता, कुठला तरी लांबचा.

“डॉक्टर हायेत का? आमी दवाखान्यासमोरच उभे हाव. कुलूप हाय.”

“बाबा, हा दवाखाना नाय.”

“तुमच्या पानावर हाच नंबर हाय. सकाळधरनं लावतोय, तुमी उचलला नाय. आसतील डॉक्टर म्हणून जीप करून आलो. पोरगी बाळंतपनाला आडलीय.”

सकाळी सर एसटीत होते. त्या वाटेवर मध्ये रेंज नसते, हे मलाही माहीत आहे.

पुढे जे झालं त्यात मी फक्त करवंदांची पानं बाजूला सरकवली. सरांनी म्हाताऱ्याला फोन चालू ठेवायला सांगितला, माझा फोन मागून घेतला, त्या गावचं नाव विचारलं, त्या तालुक्यात त्यांचा एक जुना विद्यार्थी होता त्याला लावला, त्याने सरकारी रुग्णालयाचा रस्ता सांगितला, तो सरांनी जीपवाल्याला वळणावळणाने सांगितला. “डावीकडं देऊळ दिसलं का? दिसलं? आता सरळ.” न पाहिलेल्या गावातून ते एका बाईला नेत होते. घाम कपाळावरून शर्टावर गळत होता. शेवटी फोनमधून म्हातारा म्हणाला, “पोचलो. घेतली आत.” आणि फोन बंद झाला. धन्यवाद वगैरे काही नाही. कुणाला सुचणार.

सरांनी चहाचा कप बाजूला सारला. वर साय धरली होती.

“ताई, काढा ते.”

“पट्टी लावते.”

“पट्टी नको. उत्तरच काढा. मुळापासनं.”

आणि गंमत बघा, दोन वर्षं ज्या उत्तराच्या मागे मी हात धुऊन लागले होते, ते काढायला माझंच बोट पुढे होईना. “सर, प्रवेशाचे दिवस आहेत. जून संपू दे. नुसता नंबर बदलू या.”

“नंबर बदलला तरी परत तेच करतील. खालपर्यंत कोण जातो, तुमीच म्हणालात.”

“मी नाही म्हणाले.”

“मग मी म्हणतो. काढा.”

मी संगणक आणला. आमच्याकडे काहीही काढताना कारण निवडावं लागतं. मी ‘जुने झाले’ वर बाण नेला. त्यातल्या त्यात मानाचं.

“ते नाय,” सर म्हणाले. “खालचं.”

खालचं म्हणजे ‘स्वतःची जाहिरात’. मी निवडलं. हजारो अंगठ्यांसकट ते उत्तर गेलं. सर उठले, चपला घातल्या, साडेचारची गाडी आहे म्हणाले. करवंदं धुऊन खा, असंही म्हणाले.

आठवड्याभरात त्यांनी नवं उत्तर लिहिलं. कोड नवा, भोक बुजवलेलं. नंबराच्या जागी रिकामी चौकट. आणि अट अशी, की त्यात स्वतःचा नंबर लिहिल्याशिवाय पान उघडणारच नाही. सरांनी उत्साहात आणखी एक ओळ घातली होती: कुणी चुकून सरांचा जुना नंबर टाकला तरी पान थांबेल. ती ओळ मला काढायला लावावी लागली, कारण तिच्यात त्यांचा नंबर पुन्हा आला होता. यावर मात्र चिमूट झाली नाही. “अरे हो की,” एवढंच म्हणाले.

त्या उत्तराला अंगठे मिळाले नाहीत. चिकटवलं की चालत नाही ना. काय करायचं ते पडद्यावर मराठीत लिहून येतं, पण ते वाचायचं कुणी? त्या वर्षी सरांकडे मोजकीच पोरं आली, पुढच्या वर्षी त्याहून कमी. पहिला मजला, जिना मागून, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जुन्या पानांवरचे फोन मात्र येत राहिले. सरांनी नंबर बदलला नाही आणि एसटीने फिरणं जवळपास सोडलं. रेंज जाते म्हणून. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेला मी बोलावलं होतं, मी तिकडे जाणार होते, तर म्हणाले, गर्दीत रिंग ऐकू येत नाय ताई.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मी मुरबाडला जाऊन आले. त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, मांडीवर फोन. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी तो दोनदा उचलला. “कार्यालय नाय हे. घ्या नंबर.”

आमच्या नियमाप्रमाणे लिहिणारा हयात नसेल आणि उत्तराबद्दल तक्रारी असतील, तर ते निकालात काढायचं. तक्रार आठवड्याला एक तरी येते. ‘एरर येतोय.’ ‘चालत नाही, हटवा.’ मी प्रत्येक तक्रार नाकारते. बाकीचे देखरेख करणारे माझ्यावर वैतागले आहेत. म्हणतात, आजी, तुम्ही पक्षपात करता. करते.

आज सकाळीही एक आली. कुठल्या तरी पोराची. ‘हे लिहिणाऱ्याला काही येत नाही.’ मी भाजी निवडत होते, हात पुसले आणि त्याला लिहिलं, “तुझा नंबर टाक.”

पाच मिनिटांनी त्याचं उत्तर आलं.

“चाललं.”