तवंदी घाटातलं डावं चाक

तवंदी घाटातली ती बस मला आजही आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आरोपीला निर्दोष ठरवल्यावर त्याच्याच तोंडाकडे बघवलं नाही, अशी केस ही एकच.

मी तेव्हा निपाणीला फौजदार होतो. लढाईचा काळ, मोटारीचे सुटे भाग मिळण्याची मारामार. गावातल्या एका मालकाची बस सकाळी बेळगावला जाई आणि दुपारी परतायची. त्या दिवशी नवा ड्रायव्हर चालवत होता; परतताना घाटाच्या उतारावर ती रस्ता सोडून डाव्या अंगाच्या चरीत घुसली आणि डोंगराला धडकली. दरी उजव्या अंगाला होती म्हणून माणसं वाचली. एका म्हातारीचा हात मोडला, डोक्याला मार बसला आणि ती इस्पितळात बेशुद्ध होती.

मालक लगोलग ठाण्यात हजर झाला. त्याचा संशय पक्का होता: नुकत्याच काढून टाकलेल्या जुन्या ड्रायव्हरनं चाकाचे नट ढिले केले. माझ्या बातमीदारानंही तेच आणलं. आदल्या संध्याकाळी तो ड्रायव्हर स्टँडवर, हातात पाना घेऊन, बसखाली शिरलेला लोकांनी पाहिला होता. शिवाय काढून टाकलं त्या दिवशी तो मालकाला चारचौघांत म्हणाला होता, "घाटात एक दिवस बघशील."

मी त्याला उचलून आणला. नाव सांगत नाही. येळ्ळूरचा होता आणि स्टँडवर सगळे त्याला अण्णा म्हणत. म्हातारी दगावली तर त्याच्यावर खुनाचा आरोप येणार होता, हे मी त्याला सुरुवातीलाच सांगितलं.

"बसखाली गेलतास?"

"व्हय साहेब, गेलतो."

"कशाला?"

"ब्रेक दाबला की स्टेरिंग थरथरतंय. लई दिवस मालकाला सांगतोय, ते म्हणतात कामाची टाळाटाळ करतोस. काय ते एकदा बघावं म्हटलं."

"काढून टाकल्यावर तुला काय पडलं होतं?"

"गाडी मी चालिवलीया, साहेब. माणसं त्यात बसत्यात ती वळखीची हायत."

हवालदार माझ्या कानाशी आले. "साहेब, सरळ केस हाय. दोन दणके दिलं की बोलतोय बघा."

"दोन दणके दिले तर तुम्हीसुद्धा कबूल व्हाल," मी म्हणालो. "बैल आणा, बस बाहेर ओढू."

आता थोडं स्वतःविषयी. निपाणीला बदली होण्याआधी मी मुख्यालयात मोटारींची तपासणी करत असे आणि त्या कामात मला कुणी बनवू शकत नव्हतं. पंचांसमक्ष आधी नट पाहिले. सगळे घट्ट. मालकाचं म्हणणं तिथंच कोसळलं, पण मला खरं कारण हवं होतं.

बसला पोचा आला होता, पण चाकं फिरत होती. सपाट रस्त्यावर मी स्वतः चालवली. नुसती पळताना गाडी सुतासारखी सरळ. पायाचा ब्रेक हलकेच दाबला आणि स्टेरिंग असं थरथरलं की हात बधिर झाले. गाडी हिसके देत डावीकडं ओढू लागली. मग हातब्रेक ओढून पाहिला. तो फक्त मागच्या चाकांना लागतो. काही हललं नाही. म्हणजे दोष पुढं, आणि ओढ डावीकडं, म्हणून डाव्या चाकाला जॅक लावला. हवालदारांना ब्रेकवर अलगद पाय ठेवायला सांगून चाक हातानं फिरवलं. अर्धा फेरा मोकळं, मग अडके; पुन्हा मोकळं, पुन्हा त्याच जागी अडके.

ड्रम उतरवला. ब्रेकचे पट्टे ज्याच्या आत घासतात तो लोखंडी डबा म्हणजे ड्रम. आत निळे डाग पडले होते आणि केसासारख्या जुन्या चिरा होत्या. मी एक काठी बरोबर आत बसेल अशी तासली. एका दिशेनं ती बसली, जरा वळवली तशी अडकली. गोल असायला हवा तो ड्रम लांबट झाला होता. "घ्या, तुम्हीच बघा," म्हणून काठी मालकाच्याच हातात दिली. त्यानं चारदा फिरवून पाहिली आणि काठी खाली ठेवली.

पण चरीत जाऊन ड्रम असा होत नाही. उजवा उघडून पाहिला, तो ठीक; मग डावाच का? मी कोठडीत जाऊन अण्णासमोर बसलो. अपघाताचं एक अक्षर काढलं नाही. म्हटलं, रोज गाडी कशी नेतोस, कशी आणतोस, सगळं सांग.

तो सांगू लागला आणि घाटाच्या पायथ्याशी आला. "तितं डाव्या हाताला वढा हाय. चाकं लई तापलेली असत्यात. मी रोज बादली भरून मारतो. पयली सगळी फुडच्या डाव्यावर, उरलं तर उजव्याला. कशी वाफ निघती बघा." बोलताना त्याचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "दुसरं कोण एवढं करत न्हाय, साहेब. लेकरागत जपलीया गाडी."

मला सगळं उलगडलं. लालबुंद तापलेल्या लोखंडावर रोज गार पाणी. ड्रम वाकडा होणार नाही तर काय होणार? मी त्याला तसं सांगितलं. गुन्हा नाही, सुटलास, असंही सांगितलं. तो उठला नाही.

"मग म्हातारीचा हात मीच मोडला की."

"कायद्यानं तुझा दोष नाही."

"कायद्याचं मी कुटं इचारलं, साहेब."

फार वाईट वाटलं मला. सुटका झाल्यावर तो घरी न जाता इस्पितळात गेला. म्हातारी शुद्धीवर आली होती. ड्रम बेळगावला लेथवर कातून आणला, पट्टे नवे बसवले, आणि मालकानं मुकाट्यानं अण्णालाच परत गाडीवर घेतलं.

गुन्ह्याच्या दिवशी काय केलंस, हे कुठलाही फौजदार विचारतो. रोज काय करतोस, हे विचारायला मी त्या केसपासून लागलो. माणसाचं बरंवाईट जे काही असतं ते त्याच्या रोजच्या कामात सापडतं.

पुढं एकदा बेळगावहून येताना त्याच बसमध्ये होतो. घाट उतरून गाडी ओढ्यापाशी थांबली. चाकांतून जळका वास येत होता. पुढच्या बाकावर तीच म्हातारी होती. ती म्हणाली, "अण्णा, पाणी मार की रं चाकाला, तापलंय."

"नको आज्जी," तो म्हणाला. "आपलं आपण गार हुईल. बसूया घटकाभर."

मग त्यानं ओढ्यातून तांब्या भरून आणला आणि तिच्या हातात दिला.