ओल्या रुमालातलं पान

वरवट बकालला माझे मामेसासरे नसते, तर त्या भागातल्या कृषी केंद्रांची भरभराट कुणी रोखू शकलं नसतं. मिरचीची पानं वळली की बाकीचे लोक सरळ औषध आणून फवारतात. मामा आजारी पान ओल्या रुमालात गुंडाळून दुकानोदुकानी दाखवत हिंडतात. रोगाचा वाण कळेपर्यंत पंपाला हात लावत नाहीत. हे मिरचीपुरतं असतं तरी चाललं असतं. पण मामींचं डोकं दुखलं तरी ते उन्हाचं, उपासाचं की माहेरच्या फोनचं, ही चौकशी आधी आणि गोळी नंतर. तोवर मामांमुळे दुखणाऱ्या डोक्याचा आणखी एक वाण तयार झालेला असतो. त्यांचं निदान बहुतेकदा चुकतं. माझ्या लिंबावरच्या अळीला त्यांनी खताची कमतरता ठरवलं होतं. श्रद्धा मात्र ढळत नाही.

अशा माणसाला मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. मी त्यांना अकोल्याला नेलं. डॉक्टरांच्या भिंतीवर सत्काराच्या फोटोंना जागा पुरत नव्हती, म्हणून मी धास्तावलो होतो. पण माणूस साधं बोलला. मूत्राशय काढावं लागणार होतं. त्याआधी किमो द्यायची का, हा प्रश्न होता.

"दिसायला सारख्या गाठी आतून वेगळ्या असतात. काही किमोला दाद देतात, काही फारशी देत नाहीत. तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यातली जनुकं बघून घेऊ. हमी नाही, पण अंदाज येईल."

मामी पदराला डोळे पुसत होत्या. मामा खुर्चीत पुढे सरकले.

"म्हंजे आधी वान, मंग फवारा. इतके दिवस कुठी होते तुमी, डॉक्टरसाहेब?" आणि खिशातून ओला रुमाल काढून म्हणाले, "तुकडा याच्यात न्या. सुकला त कायी समजत नाई."

"तो मेणात जपलाय, काका."

"मेनात?" मामांचा विश्वास तिथेच निम्मा झाला.

रिपोर्ट यायचा होता तेवढ्या दिवसांत मामा एकदाच म्हणाले, "जवाईबापू, औषध न लागनारा वान निंघाला त?"

किमोला दाद देणाऱ्यांतला प्रकार निघाला. मग मामांनी वॉर्डात प्रत्येकाला "तुमचा कोन्ता वान?" विचारायला सुरुवात केली, ती सिस्टरनं दटावेपर्यंत. केस गेले, अन्न नकोसं झालं. पण परवाच्या स्कॅनमध्ये गाठ बरीच आक्रसलेली दिसली. "लागू पडलं," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी ऑपरेशन आहे. माझ्या लिंबाची पानं पुन्हा वळली आहेत. अळीच आहे, मला दिसते आहे. तरी औषध आणलेलं नाही. एक पान रुमालात गुंडाळून ठेवलं आहे आणि रोज त्यावर पाणी शिंपडतो. मामांनी येऊन ते पाहावं, आणि खुशाल चुकावं.