तुकड्यांत चार पौंड तीन औंस

डॉगवुडच्या झाडांना पांढरी फुलं आली की क्रॅपी मासे काठाच्या उथळ पाण्यात येतात, आणि मागोमाग हॉलिस टॅकेट गळ घेऊन येतो. मिसिसिपीत स्कूलबस चालवून निवृत्त झालेला हा माणूस मोजकंच बोलायचा. दर शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असे. त्यासाठी मासे साफ करायचं काम तीस वर्षं त्याच्याकडे होतं. आताशा सुरी चालवताना तो खाली बघतही नसे.

इच्छा म्हणाल तर एकच. तळ्यावरच्या वँडाच्या दुकानात एक फळा होता. त्यावर सर्वांत मोठ्या क्रॅपीची नोंद : ड्यूई रॅटलिफ, चार पौंड दोन औंस. एकोणीस वर्षं ती तशीच होती, आणि ड्यूई रोज त्या फळ्याखालीच कॉफी पीत बसे. त्याच्या वर एकदा आपलं नाव लागावं, एवढंच हॉलिसला वाटे.

त्या शुक्रवारी सकाळी काठी वाकली ती वाकलीच. क्रॅपीचं तोंड कागदासारखं, ओढलं की फाटतं. हॉलिसने श्वास रोखून मासा हळूहळू जाळीत घेतला. कोपरापासून बोटांपर्यंत भरला.

दुकानाबाहेरच्या टेबलावर त्याने मासा ठेवला. वँडा वजनकाटा आणायला आत धावली.

ड्यूई कप घेऊन बाहेर आला. “बायकोची उशी उचलून आणलीस की काय?”

“आज तुझी खुर्ची हलणार.”

“एकोणीस वर्षांतलं तुझं सगळ्यात मोठं भाषण हे.”

हॉलिसला हसू आलं. त्याला आणखी एक उत्तर सुचलं, मग आणखी एक. इतकं बोलणं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

काटा घेऊन आलेली वँडा दारातच थबकली. “हॉलिसकाका, हे काय केलंत?”

त्याने खाली पाहिलं. हातात सुरी. टेबलावर दोन तुकडे सुबक मांडलेले, डोकं बादलीत.

“नियम अख्ख्या माशाचा आहे,” वँडा पुटपुटली.

हॉलिस सुरी पुसत राहिला.

ड्यूईने कप खाली ठेवला. बादलीतलं डोकं, हाडं, आतडी, सगळं एका पिशवीत भरलं. वर ते दोन तुकडे ठेवले. “तोल.”

चार पौंड तीन औंस.

“पण नियम...”

“मग माझंही नाव पूस.” ड्यूईने आत जाऊन खडू घेतला आणि फळ्यावर आपल्या नावाच्या वर लिहिलं : हॉलिस टॅकेट, चार पौंड तीन औंस, तुकड्यांत.

संध्याकाळी चर्चमध्ये सगळ्यात मोठा तुकडा ड्यूईनेच उचलला. हॉलिस ताट घेऊन त्याच्या शेजारी बसला.

“ड्यूई, त्यात पिशवीचंही वजन आलं असेल का रे?”

“गप खा,” ड्यूई म्हणाला.